बेंद्रे घडले कसे? इंदूरची ओपेक तालीम, शांतिनिकेतन आणि बडोदा

खानकाठ

चित्रकार नारायण श्रीधर बेंद्र्यांविषयी जे काही वाचायला मिळतं त्यात उतरंड ठरलेली असते. आधी निसर्गचित्रं, मग घनवाद (वस्तू तुकड्यांत मोडून मांडणं), मग थोडं अमूर्त, शेवटी ठिपके. रतलाम, नागदा, उज्जैन अशी स्टेशनं वाचावीत तसं. गाडी कुठल्या रुळांवरून गेली हे कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा.

तारखा एकदाच मांडतो, म्हणजे त्यावर वाद नको. जन्म इंदूर, २१ ऑगस्ट १९१०. इंदुरातली देवळालीकरांची चित्रशाळा १९२७ ची, बेंद्रे तिथले सुरुवातीचे विद्यार्थी. एकीकडे होळकर कॉलेज, १९३३ ला आग्रा विद्यापीठाची बी.ए., आणि दुसरीकडे मुंबईची सरकारी चित्रकला पदविका. इंदूरची मुलं तेव्हा परीक्षेपुरती मुंबईला जात, शिक्षण इथंच. मग १९३६ पासून काही वर्षं श्रीनगरच्या व्हिजिटर्स ब्यूरोत नोकरी, १९४५ ला शांतिनिकेतन, १९४७-४८ ला अमेरिका आणि येताना युरोप, १९५० पासून बडोदा.

माझं म्हणणं असं की १९२७ ते १९३४ या सात वर्षांत त्यांच्या हाताला एकच गोष्ट पक्की लागली: टोन. उजेड-अंधाराची पायरी झटकन ओळखायची आणि ती एका जाड, अपारदर्शक म्हणजे ओपेक पॅचमध्ये ठेवून मोकळं व्हायचं. पुढं जे जे बदललं ते त्या पायरीवर उभं राहून बदललं. त्यांचं 'काटा' हे चित्र घ्या किंवा शेवटची ठिपक्यांची चित्रं घ्या, त्यांचा कृष्णधवल फोटो काढला तर उजेड-अंधाराची बांधणी तशीच उभी दिसते.

पटतंय का? आणि मुख्य म्हणजे, ही इंदुरी तालीम आज कुणाला करायची असेल तर नेमकं काय करायचं? रविवारी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांच्या समाध्यांपाशी) बोर्ड घेऊन बसणाऱ्या मुलांना याचं उत्तर हवंय.

शिसपेन

पटतंय, पण अर्धंच. टोन सगळ्याच अकॅडमिक शाळांत शिकवत. मुंबईत काय कमी शिकवत होते? इंदूरचं वेगळेपण टोनपेक्षा वेगात होतं. स्टुडिओत प्लास्टरच्या पुतळ्यावर दहा दिवस शेडिंग करणारा विद्यार्थीही टोन शिकतो, पण तो तीस पायऱ्यांचा. बाहेर उन्हात बसलेल्याला पाचच पायऱ्या परवडतात.

गणित साधं आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. आपल्याकडं सकाळी तो जवळजवळ सरळ वर चढतो. तो क्षितिजापासून २० अंशांवर असताना सावली वस्तूच्या पावणेतीनपट लांब असते, ३० अंशांवर गेला की पावणेदोनपट. मधे वेळ जातो पाऊण तास. म्हणजे छत्रीच्या पायऱ्यांवर पडलेली सावली तुम्ही कळसाचं ड्रॉइंग करेपर्यंत एक तृतीयांशानं आखडलेली असते. सावली आधी मांडून ठेवली नाही तर चित्रात दोन वेळा येतात: कळसावर साडेसातचं ऊन, पायथ्याशी सव्वाआठचं. नवशिक्यांच्या चित्रात 'काहीतरी चुकतंय पण कळत नाही' असं वाटतं ते बहुतेक वेळा हेच असतं.

राजवाडा_बस

मग पाच पायऱ्या कुठल्या ते सांगाल का? आणि रंग कुठले, कागद कुठला, तेही. माझ्याकडं पोस्टर कलरच्या बाटल्या आहेत, त्यानं चालेल का?

पिवडी

चालेल. सामानाचं मी सांगते, पायऱ्यांचं शिसपेन सांगतील.

कागद ३०० जीएसएमचा, पाव इम्पीरियल, म्हणजे ११ बाय १५ इंच. याहून मोठा घेतला तर पाऊण तासात भरत नाही, आणि लहान घेतला तर हात मनगटातून चालतो, खांद्यातून चालत नाही. पांढऱ्या कागदावर थेट सुरुवात करू नका. आदल्या दिवशी यलो ऑकरमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना घालून पातळ वॉश मारून ठेवा. पांढऱ्यावर पहिला कुठलाही रंग गडद वाटतो, त्यामुळं माणूस भीतभीत फिकं लावतो आणि सगळं चित्र वरच्या सप्तकात जातं. मातकट कागदावर उजेड आणि अंधार दोन्ही लगेच उठून दिसतात. शिवाय स्ट्रोकांच्या मधे जी फट राहते तिथून मालव्याची धूळ आपोआप दिसते. तेवढं काम फुकटात झालं.

रंग सातच: पांढरा, यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन, काळा. हिरवी बाटली घरी ठेवा. काळा आणि लेमन यलो मिळून जो हिरवा होतो तो आपल्या कडुलिंबाच्या जास्त जवळचा असतो. क्रिमसन जपून वापरा, आणि गुलाबी-जांभळ्या बाटल्या तर घेऊच नका. त्यातले बरेच रंग उजेडात उडतात, वर्षभर भिंतीवर लावलं की संध्याकाळचं आकाश करडं होतं.

ब्रश चपटे. एक इंची एक, अर्धा इंची एक, पाव इंची एक. गोल बारीक ब्रश पहिले तीन महिने डब्यात बंद.

आता घोळ कुठं होतो ते. ओपेक जलरंगात गडद रंग वाळल्यावर फिका होतो आणि फिका रंग जरासा गडद होतो. ओला असताना पृष्ठभाग गुळगुळीत असतो, उजेड आत शिरतो. वाळला की रंगाचे कण उघडे पडतात, पृष्ठभाग मॅट होतो आणि उजेड विखुरतो, म्हणून अंधार पांढुरका पडतो. यावर उपाय एकच. त्याच कागदाची, त्याच वॉशची दोन बोटं रुंद पट्टी बोर्डाला चिमट्यानं लावून ठेवायची, आणि मिसळलेला प्रत्येक रंग आधी तिच्यावर वाळवून बघायचा. एप्रिलमध्ये मिनिटाभरात वाळतो. श्रावणात मात्र धीर धरावा लागतो, आणि तिथंच लोक घाई करतात.

दुसरा घोळ: खालचा थर पाण्यानं पुन्हा विरघळतो. वरचा रंग दह्याइतका घट्ट हवा, ब्रश एकदाच टेकवायचा आणि उचलायचा. परत फिरवलात की खालचा सिएना वर येतो आणि आकाशाचा चिखल होतो.

शिसपेन

पायऱ्या. डोळे अर्धे मिटून बघा, चष्मा असेल तर काढून बघा. मालव्यात उन्हाळ्याच्या सकाळी साधारण असा क्रम दिसतो: सगळ्यात उजळ आकाश, त्याखाली उन्हातली मोकळी जमीन, मग उतरती छपरं, मग उभी झाडं आणि भिंतींची सावलीची बाजू, आणि सगळ्यात गडद दारं, कमानींच्या आतला अंधार, पायथ्याच्या फटी.

पण हा नियम इंदुरात दोन ठिकाणी मोडतो. एक, चुना मारलेली भिंत थेट उन्हात असेल तर ती निळ्या आकाशापेक्षा उजळ असते. आकाश पांढरं ठेवून भिंत करडी केली की ऊन गेलं. दोन, शहराबाहेर नांगरलेली काळी माती. ती आडवी असूनही झाडाइतकी गडद असते. सिरपूर किंवा बिलावलीकडं जाऊन काढलेल्या चित्रांत शेत फिकं आणि रस्ता गडद काढलेला दिसतो, वास्तवात धुळीचा रस्ता उजळ असतो.

सावलीच्या रंगाचं पण सांगून टाकतो, कारण 'सावली जांभळी' हे पाठ केलेलं उत्तर फार चालतं. जमिनीवर पडलेल्या सावलीचं तोंड आकाशाकडं असतं, म्हणून ती निळसर. छज्जाच्या खालच्या बाजूचं तोंड तापलेल्या जमिनीकडं असतं, म्हणून ती तांबूस. एकाच इमारतीत दोन्ही सावल्या असतात. राजवाड्यावर हे छान अभ्यासता येतं: सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, प्रत्येक मजल्याला पुढं आलेले सज्जे. दगड आणि लाकूड उन्हात वेगळे दिसतात, पण सावलीत दोघांचा टोन जवळजवळ एक होतो. तिथं वेगळा रंग लावायचा मोह होतो. लावू नका, एकाच पॅचमध्ये दोन्ही बुडवा. राजवाडा मोठा दिसतो तो त्यामुळं.

तिसरा_डबा

सगळं ठीक आहे, पण तुम्ही लोक बेंद्र्यांना लँडस्केपच्या क्लासचा मास्तर करून ठेवताय. ज्याला मुंबईच्या प्रदर्शनांत लोक इंदूरचं काम म्हणून लांबून ओळखायचे, तो जाड स्ट्रोक ही सवयसुद्धा होती. सवय म्हटलं की तिचे तोटे आले.

पॅचनं चित्र बांधणाऱ्याची रेषा कच्ची राहते. आकृतीची कड जिथं पार्श्वभूमीच्या टोनशी मिळते तिथं तो ती सोडून देतो. निसर्गचित्रात ते सुंदर दिसतं, पण तीन माणसं एकमेकांना धरून बसलीयत असं चित्र काढायला गेलं की हात कुणाचा आणि खांदा कुणाचा ते कळेनासं होतं. दुसरं म्हणजे, ऊन-सावलीवर उभं राहिलेलं चित्र एका क्षणाचं असतं. त्यातून ऊन काढून घेतलं की खाली रचना उरते का? १९३० च्या दशकातल्या बऱ्याच इंदुरी निसर्गचित्रांत उरत नाही. सगळ्यांची एकच संध्याकाळ.

आणि शाळा एक म्हणून माणसं एका साच्यातली निघाली असंही नाही. हुसेन त्याच देवळालीकरांकडं शिकले, बेंद्र्यांबरोबर इंदूरभोवती निसर्गचित्रं काढायला जात. वयानं पाच वर्षांनी लहान. पुढं मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली, आणि तिथं चाळीस फुटांवरून ओळखू येणारी रेषाच लागते. त्यामुळं त्यांची सगळी चित्रं रेषेवर उभी. डी. जे. जोशी निसर्गचित्राशी एकनिष्ठ राहिले. विष्णू चिंचाळकर गुरुजी तर रंगसुद्धा बाजूला ठेवून वाळल्या काटक्या, बिया, टाकाऊ वस्तू यांच्यात आकार शोधायला लागले. पाया एक, घरं चार. मग इंदूरनं नेमकं काय दिलं म्हणायचं?

खानकाठ

दादा, आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच १९४५ महत्त्वाचं. रेषेची उणीव तुम्हाला जिथं दिसते तिथंच त्यांनाही दिसली असावी, हा माझा तर्क आहे, त्यांच्या तोंडी घालत नाही. पण शांतिनिकेतनात त्या वेळी कोण होतं बघा: नंदलाल बोस, विनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज. नंदलालांची सगळी इमारत रेषेवर आणि अलंकरणावर. रामकिंकर उघड्यावर काम करणारे, त्यामुळं इंदूरच्या माणसाला ते सगळ्यात जवळचे वाटावेत. आणि विनोदबिहारी निसर्गच काढत, पण त्यात ऊन जवळजवळ नसतंच. झाड म्हणजे एक आकार, त्याच्या बाजूची मोकळी जागा म्हणजे दुसरा आकार, दोघांना सारखाच मान.

इंदुरी डोळ्याला हा धक्काच आहे. आपल्याकडं झाड 'कुठून उजेड येतोय' यावर ठरतं, त्यांच्याकडं 'कागदाच्या कडेपासून किती लांब' यावर.

सुरसागर

बडोद्याहून लिहितोय, थोडी भर.

नंदलालांचं काम बघायला बेंद्र्यांना पुढं लांब जावं लागणार नव्हतं. कीर्ती मंदिरातली भित्तिचित्रं १९३९ ते १९४६ या काळातली, म्हणजे बेंद्रे १९५० ला इथं आले तेव्हा ती जेमतेम चार वर्षं जुनी, ताजी होती. गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि कुरुक्षेत्र. कुणी बडोद्याला आलात तर कुरुक्षेत्राच्या भिंतीपुढं उभं राहून तिसरा_डबा म्हणतात तो प्रश्न विचारून बघा: इतकी माणसं एकमेकांत मिसळलेली असताना कुणाचा हात कुठला हे कसं कळतं? टोन जवळपास सपाट आहे. काम रेषेच्या जाडी-बारकीनं आणि आकारांच्या दिशेनं झालंय. मनगटापाशी रेषा बारीक, कोपरापाशी जाड, आणि दोन आकृत्या जिथं एकमेकांवर येतात तिथं मागची रेषा थोडी अलीकडंच थांबते. एवढंच तंत्र, पण हात बसायला वर्षं लागतात.

विद्यापीठ १९४९ चं, ललितकला विभाग त्याच सुमाराचा. हंसाबेन मेहता कुलगुरू, शिल्पकलेला शंखो चौधुरी, चित्रकलेला बेंद्रे, आणि १९५१ पासून के. जी. सुब्रमण्यन. १९५९ ला बेंद्रे डीन झाले, १९६६ ला नोकरी सोडली. त्यांच्या हाताखालच्या मुलांची नावं बघितली तर कुणाचाच हात कुणासारखा नाही: शांती दवे, ज्योती भट्ट, काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष. निसर्गचित्रं काढणारे संतोष पुढं तंत्रसाधनेतल्या भूमितीकडं गेले. मास्तरनं स्वतःची शैली शिकवली असती तर हे झालं नसतं. १९५६ ला त्यातूनच बडोदा ग्रुप हा चित्रकारांचा गट निघाला.

आता मुद्द्याचं. शिकवायला लागल्यामुळंच बेंद्र्यांना प्रत्येक पद्धत स्वतः करून बघावी लागली. लोक त्याला 'शैली बदलणं' म्हणतात, मी त्याला वर्गाची तयारी म्हणेन. टेबलावरचं स्थिरचित्र घनवादी पद्धतीनं मोडून दाखवायचं तर आधी ते कुठं मोडतं हे माहीत पाहिजे.

राजवाडा_बस

कुठं मोडतं? म्हणजे खरंच विचारतोय. घनवादी म्हणून आम्ही जे करतो ते काच फुटल्यासारखं दिसतं.

सुरसागर

काच फुटल्यासारखं दिसतं कारण तुम्ही वस्तू पूर्ण काढून मग तिच्यावर रेघा मारता. उलटं करा.

एक तांब्या, एक वाटी, खाली चौकडीचा टॉवेल. कागदाचे तीन तुकडे घ्या. पहिल्यावर समोरून, दुसऱ्यावर उभं राहून वरून, तिसऱ्यावर जमिनीवर बसून, अशी तीन साधी रेखाचित्रं. प्रत्येकी दहा मिनिटं, शेडिंग नाही. वरून बघितलेल्या चित्रातून फक्त तोंडाची लंबवर्तुळं घ्या, समोरच्यातून उभ्या कडा, खालच्यातून तळाची रेघ. चौथ्या कागदावर हे तिन्ही एकमेकांवर ठेवा. आता जिथं दोन आकारांच्या कडा जवळजवळ सरळ रेषेत येतात तिथं त्या मुद्दाम जोडून टाका: तांब्याची कड टॉवेलच्या पट्टीत जाऊन मिळू दे. त्या जोडावर वस्तू मोडते. जोड नसेल तिथं मोडायचं नाही.

मग पाच टोन. प्रत्येक तुकड्याला एकच टोन सपाट द्या, पण शेजारच्या दोन तुकड्यांना सारखा टोन द्यायचा असेल तर कड पुसून टाका. इंदूरवाले सावलीत दगड आणि लाकूड एकत्र बुडवतात ना, तेच. म्हणून खानकाठ यांचं मूळ म्हणणं मला मान्य आहे: टोन हाती असलेल्या माणसाला घनवाद परका वाटत नाही. १९५५ ला 'काटा'ला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात आकार सपाट आणि सुटसुटीत झालेत, तरी वजन गेलेलं नाही.

तिसरा_डबा

हे पटलं. मात्र अमेरिका-युरोप विसरू नका. न्यूयॉर्कच्या विंडरमिअर गॅलरीत १९४८ ला त्यांचं प्रदर्शन झालं. छापील पुस्तकातला घनवाद आणि भिंतीवरचा घनवाद यात मोठा फरक असतो. त्या काळच्या छपाईत करडे रंग सगळे एक व्हायचे. मूळ चित्रात त्या करड्यात ऊबदार आणि थंड असा भेद असतो, आणि तुकडे पुढं-मागं होतात ते त्यावर. फक्त पुस्तकातून शिकलेल्याचं चित्र म्हणून कागदी दिसतं. आणि १९५२ ला चीन, तेही आहे. शाईच्या एका ब्रशनं, मागं न फिरता आकार पुरा करायचा ही शिस्त ओपेक पॅचच्या शिस्तीची चुलत बहीण आहे.

जाता जाता: बेंद्रे इथं छत्र्या काढत होते त्याच सुमाराला, १९३० ते १९३३ मध्ये, महाराजा यशवंतराव होळकर जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग महाल बांधून घेत होते, आणि पुढं शिल्पकार ब्रांकुशीचे तीन 'पक्षी' विकत घेतले. एका गावात एवढं अंतर! जगातली सगळ्यात आधुनिक शिल्पं महाराजांकडं, आणि गावातल्या चित्रकाराला आधुनिक चित्रकला बघायला समुद्र ओलांडावा लागला. यावर वेगळा धागा हवा.

पिवडी

वेगळाच काढा, नाहीतर इथं माणिकबागेचं फर्निचर सुरू होईल.

बाटलीतल्या रंगाऐवजी पूड कालवून बघायची असेल त्यांच्यासाठी. गेरू, पिवडी, काजळी, हे सगळं सराफ्याच्या आसपासच्या पंसाऱ्याकडं मिळतं. बाभळीचा डिंक एक भाग, कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून जुन्या धोतराच्या कापडातून गाळायचा. अर्धी वाटी डिंकपाण्यात लवंगतेलाचे चार थेंब, नाहीतर पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी. मधाचे पाच-सहा थेंब टाकले की वाळल्यावर ठिसूळ होत नाही. काचेवर पूड आधी नुसत्या पाण्यात मळायची, गुठळी मोडली की मग डिंक. आधी डिंक घातला तर गुठळीभोवती त्याचं कवच होतं आणि ती मोडत नाही.

किती डिंक पुरे? वाळलेल्या पट्टीवर बोट फिरवा. पूड बोटाला आली तर डिंक कमी. पट्टी चमकली किंवा वाकवल्यावर तडकली तर जास्त. गेरूला कमी लागतो, काजळीला बराच जास्त, कारण तिचे कण फार बारीक. सगळ्या रंगांना एकच माप लावलं की काळा हाताला लागत राहतो.

आणि एक, हमखास होणारी चूक. पांढऱ्यासाठी खडूची पूड डिंकात छान चालते. तीच कुणी उरली म्हणून जवसाच्या तेलात कालवतं आणि मग पांढरा गेला कुठं म्हणून विचारतं. खडू आणि तेल दोघं उजेडाला जवळजवळ सारखंच वाकवतात, म्हणून तेलात खडू दिसेनासा होतो, नुसता पिवळट चिखल राहतो. तेलात झिंक किंवा टायटॅनियमच. दोघांतही भेद आहे: टायटॅनियम दांडगा, थेंबभर पडला तरी शेजारचा रंग खाऊन टाकतो. उन्हातल्या भिंतीला तो ठीक, पण दूरच्या धुरकट झाडांना झिंक बरा.

शिसपेन

वेळेबद्दल राहिलं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला, २२.७ अंशांवर. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, घड्याळात साधारण साडेबाराला. त्या वेळी छत्रीची सावली छत्रीच्याच पायाखाली. काढायला काही उरत नाही. उलट डिसेंबरच्या शेवटी भरदुपारीसुद्धा सूर्य ४४ अंशांवरच असतो, सावली वस्तूइतकी लांब, आणि तास-दीड तास तिची लांबी फारशी बदलत नाही. नवशिक्यांनी डिसेंबर-जानेवारीत अकरा ते एक बसावं. उन्हाळ्यातली सकाळ दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. राजवाड्यापुढं बसायचं असेल तर दर्शनी बाजूला ऊन किती वाजता येतं ते आदल्या दिवशी नुसतं जाऊन बघून या, रंग न नेता.

राजवाडा_बस

शेवटचा प्रश्न. ठिपक्यांच्या चित्रांचं काय? पाच पायऱ्यांतून तिथं कसं जातात? आम्ही पेन्सिलच्या मागच्या रबरानं ठिपके मारले, सगळं राखाडी झालं.

खानकाठ

राखाडी झालं कारण विरुद्ध रंगाचे ठिपके सारख्या संख्येनं, सारख्या टोनचे टाकले असणार. लाल आणि हिरवा शेजारी ठेवले आणि डोळ्यानं ते एकत्र केले की मातकट राखाडीच येणार. डोळा रंग मिसळतो तेव्हा त्यांची सरासरी काढतो, बेरीज करत नाही.

आकाराचंही गणित आहे. साधारण डोळ्याला दोन मिलिमीटरचा ठिपका सातेक मीटरच्या पुढं गेल्यावर वेगळा दिसेनासा होतो, एक मिलिमीटरचा साडेतीन मीटरच्या पुढं. घरात चित्र दोन-तीन मीटरवरून बघतात. म्हणजे दोन मिलिमीटरचा ठिपका पुरता कधीच मिसळत नाही, थरथरत राहतो. बेंद्र्यांच्या उतारवयातल्या चित्रांत हवी आहे ती हीच थरथर. पूर्ण मिसळायचंच असेल तर ठिपके कशाला, पॅलेटवर मिसळा की.

करून बघायचं तर असं. आधी ११ बाय १५ वर पाच टोनचं साधं ओपेक चित्र पूर्ण वाळवा. मग प्रत्येक पॅचवर त्याच टोनचे पण वेगळ्या रंगाचे ठिपके: ऑकरच्या जमिनीवर तितकाच उजळ गुलाबी, तितकाच उजळ फिका निळा. टोन जुळतोय का ते फोनवर कृष्णधवल फोटो काढून तपासा. फोटोत ठिपका नाहीसा झाला पाहिजे. दिसला तर तो जास्त उजळ किंवा गडद आहे, आणि तिथं चित्राला देवी आल्यासारखी दिसेल. ठिपक्यांत खालचा रंग साधारण एक तृतीयांश उघडा ठेवा.

तिसरा_डबा

आणि रबरानं मारू नका. सगळे ठिपके एका मापाचे आले की भिंतीवरच्या छापाची नक्षी होते. पाव इंची चपट्या ब्रशचा कोपरा टेकवा, प्रत्येक वेळी थोडा फिरवून.

पिवडी

ठिपक्यांसाठी डिंक नेहमीपेक्षा जरा जास्त घाला. वरचा ठिपका जाड असतो, कमी डिंकात तो वाळल्यावर टिकलीसारखा उडून पडतो.